चावलेल्या मांजराचा रंग

मांजरांच्या अंगावरचे पट्टे बघत बसायची मला काडीची हौस नव्हती. नव्वदनंतरची गोष्ट. बंगळूरच्या शिवाजीनगरात मटणाच्या दुकानांमागे आम्ही भाड्याने राहायचो. हे लॉरीवर, पंधरवड्याने घरी यायचे. मी होसकोट्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. एका संध्याकाळी दोन बस बदलून घरी आले, तर नऊ वर्षांची लेक जिन्यात पाय धरून बसलेली. पोटरीला मांजर चावलं होतं.

तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि सरळ सांगितलं. जे चावलं तेच मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठणठणीत राहिलं तर इंजेक्शनं नकोत. कुठलं ते नक्की ठाऊक नसेल, तर बेंबीभोवती चौदा, रोज एक. रोज म्हणजे माझी रोज अर्ध्या दिवसाची रजा, आणि सुपरवायझर आधीच टपून बसलेला. घरी परतलो तेव्हा मागच्या भिंतीवर एक करडं पट्टेरी मांजर अंग चाटत होतं. मी विचारलं, “हेच ना ग?” ती हो म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की जेवण न करताच झोपले.

सकाळी बघते तर भिंतीवर करडी पट्टेरी चार. मटणाच्या तुकड्यांवर पोसलेला सगळा गोतावळा. वरच्या मजल्यावरच्या अक्कांना विचारलं तर त्यांच्या मते सगळी बूदी, म्हणजे राखेच्या रंगाची, आणि मी स्वल्प बसून कॉफी घ्यावी. मटणवाले अण्णा म्हणाले काळी. उन्हात बघितलं तर तपकिरी दिसायची, दिवेलागणीला राखाडी. आता काय करायचं, कपाळ? कॅलेंडरच्या पाठीवर मी कालच्या मांजराच्या खुणा लिहून काढल्या. हनुवटी पांढरी. पुढचे दोन्ही पंजे पांढरे, मागचे नाहीत. डाव्या कुशीवर पट्टे सलग, उजव्या कुशीवर तुटून ठिपके झालेले. शेपटीला काळी कडी, टोकही काळंच. दोन्ही कुशी दिसाव्यात म्हणून कामावर जायच्या आधी आणि आल्यावर मी त्या मेल्याच्या मागे गल्लीभर फिरायचे. पायांचे तुकडे पडायचे. रोज संध्याकाळी तेच दिसलं की एक दिवस सुटला म्हणायचे.

सहाव्या दिवशी ते दिसलं नाही. कचऱ्याचे डबे, जिने, दुकानामागची गटारं, सगळं पालथं घातलं. एवढ्यात लेक धावत आली, म्हणाली सापडलं, आणि एक मांजर दाखवलं. त्याच्या दोन्ही कुशींवर नुसते ठिपके, हनुवटी करडी. मी म्हटलं, हे ते नव्हे. ती हट्टाने तेच म्हणत राहिली. मग मात्र मी तिला पायरीवर बसवलं आणि आवाज न चढवता पुन्हा विचारलं.

“मला दिसलंच नव्हतं, आई. जिन्यात अंधार होता. तू हेच ना म्हणालीस, म्हणून हो म्हटलं.”

“अग, मग नाही म्हणायचं होतंस.”

“तू फार दमली होतीस.”

त्याच पावली तिला दवाखान्यात नेलं. सहा दिवस मी नको त्या मांजराचे पट्टे मोजण्यात घालवले होते, आणि ते मांजर मीच तिच्या तोंडी घातलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या. मी ऐकून घेतलं. रजा मागितली, बोलणी खाल्ली, पुन्हा मागितली.

तिला काही झालं नाही, ती आज सुखरूप आहे. पण त्या चौदा सकाळी ती बाकावर स्वतःच फ्रॉक वर धरायची आणि सुई आत जाताना पोटाकडे बघायची नाही. माझ्या तोंडाकडे बघायची, मी दमलेय का ते.