दुकानात आडवं पडायचं नसतं

डॉक्टर म्हणाले, "हाडाबिडाचं काही नाही, गादी बदला. आणि नुसती बघून घेऊ नका. दुकानात दहा मिनिटं तुमच्या नेहमीच्या कुशीवर झोपा. कंबर बुडते का, खांदा टोचतो का बघा, मग घ्या." डॉक्टर नंदुरबारात नवीनच आलेले. आमच्याकडची सून भर बाजारात आडवी पडत नाही, हे त्यांना बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुखणं काही नखऱ्याचं नव्हतं. धानोऱ्याहून रोज स्कूटीवर ऑफिसला यायचं, दिवसभर खुर्चीत बसायचं, आणि रात्री माझ्या लग्नात आलेल्या कापसाच्या गादीवर पडायचं. पिंजाऱ्यानं ती दोनदा पिंजून दिली, तरी मधला खड्डा काही हटेना. सकाळी उठताना मी आधी पलंगाची कड धरायचे, मग भिंत. चार वर्षांच्या लेकीला उचलून घेणं तर कधीच बंद झालं होतं. ती हात वर करून यायची, मी "जा, आजीकडे जा" म्हणायचे. मग सासूबाई तिला कडेवर घ्यायच्या. पुढे पुढे पोरगी माझ्याकडे हात वर करेनाशीच झाली. ते मला कंबरेपेक्षा जास्त दुखायचं.

तर गादी आणायला आम्ही चौघं गेलो. मी, माझे हे, सासरे आणि धाकटा दीर. दिराला गादीतलं फार कळतं. तो एकदा सुरतला हॉटेलात दोन रात्री राहिलेला आहे.

दुकान ऐन रस्त्यावर, पुढून सगळं उघडं. मिरचीचा हंगाम होता, येणाराजाणारा दाराशी थांबून शिंकत होता आणि शिंकून झालं की आत बघत होता. मी यांना हळूच म्हटलं, "डॉक्टरांनी झोपून बघायला सांगितलंय." हे म्हणाले, "वेडी का तू? आबा समोर आहेत. घरी आईला कळलं तर काय म्हणेल?" दुकानदार शेठ मोठे समजूतदार. "वहिनी, तुम्ही हातानं दाबून बघा," म्हणाले. मी दाबून बघितली. माझा हात अगदी ठणठणीत आहे, त्याला सगळ्याच गाद्या आवडल्या.

झोपायचं काम मग पुरुष मंडळींनी अंगावर घेतलं. हे नव्वद किलोचे, उताणे पडले आणि "मस्त शे" म्हणाले. दीर दोनदा उसळून बघून म्हणाला, सुरतेसारखी नाही, पण चालेल. सासऱ्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, सगळ्यात कडक गादीवर पाठ टेकली आणि निकाल दिला, "हाई ली ल्या. कडक गादीवर मानूस सरळ ऱ्हास." तिघांच्याही कंबरा शाबूत होत्या, त्यामुळे मतभेद झाला नाही. मी पदर सावरून उभी होते आणि माझ्या दुखण्यासाठी तीन माणसं किती कष्ट घेतायत ते बघत होते.

शेठ म्हणाले, महिनाभरात नाही पटली तर बदलून देऊ, फक्त वरचं प्लास्टिक काढू नका. झालं. आमच्या घरात प्लास्टिक तसंही कोण काढतं? टीव्हीच्या रिमोटवर अजून आहे. कूस बदलली की चुरचुर आवाज यायचा, हे घोरत पडलेले असायचे, आणि मी त्या फळीवर खांदा चोळत जागी. पंधरा दिवसांत कंबरेच्या जोडीला खांदाही दुखायला लागला. हे विचारायचे, "आता बरं वाटतं ना?" आणि उत्तर यायच्या आत आंघोळीला जायचे.

सोळाव्या दिवशी सकाळी मला उठताच येईना. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मनात म्हटलं, आता ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "टेम्पो बलाव. आपुन दोन्ही जाऊत."

दुकानात शेठ पुन्हा म्हणाले, हातानं दाबून बघा. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग मला म्हणाल्या, "आडी पड तू. मी उभी शे." आणि रस्त्याकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून, माझ्या आणि अख्ख्या बाजाराच्या मध्ये उभ्या राहिल्या. ज्यांच्या नावानं मला पंधरा दिवस फळीवर झोपवलं, त्याच या. शेठ लगेच उशा नीट लावायला आतल्या बाजूला वळले.

एका गादीवर खांदा टोचला. दुसरीत कंबर बुडाली. तिसरीवर काहीच झालं नाही. दहा मिनिटं मी कुशीवर पडून होते आणि कुठेही काही होत नव्हतं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उठले आणि म्हटलं, हीच.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. चपला काढून त्या गादीवर टेकल्या, मग सावकाश आडव्या झाल्या. आता पदर पसरून मी उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, त्या उठेनात. मी म्हटलं, "आई, बरं वाटत नाही का?"

वर पंख्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मन्हीबी कंबर दुखस. तुन्हा लगनना आधीपाईन."

मी शेठना दोन गाद्या काढायला सांगितल्या. मला कुणी विचारत नाही म्हणून पंधरा दिवस मी घरादारावर चिडलेले होते. आणि वर्षभर रोज लेकीला "जा, आजीकडे जा" म्हणताना आजीला उचलवतं का, हे मीही एकदा विचारलं नव्हतं.