आधी दाराकडे बघून

वैजयंताताई एका एजन्सीसाठी भाईंदरच्या कारखान्यांत कामगारांच्या मुलाखती घेतात. सुरक्षिततेची माहिती म्हणे थेट कामगाराच्या तोंडून! चहा घेऊन आलेला सुपरवायझर दारातून हलत नाही, मग कोण डोंबलाचं खरं बोलणार? आणि मालकाचा चहा नको म्हणायचीही सोय नाही.

स्टीलच्या भांड्यांच्या प्रेसवर काम करणाऱ्या खंडूला ताईंनी विचारलं, "मशीनचा काही त्रास?" त्याने आधी दाराकडे बघितलं, मग म्हणाला, "सगळं ठीक आहे, मॅडम." ताईंनी तेच लिहिलं. पुढच्याच आठवड्यात त्या प्रेसखाली खंडूची बोटं गेली आणि मालकाने ताईंचाच अहवाल पुढे केला.

तेव्हापासून ते वाक्य त्यांची पाठ सोडत नाहीये. लिफ्टमध्ये शेजारीण जरी "सगळं ठीक" म्हणाली, तरी यांच्या अंगावर काटा येतो.

काल सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या आपल्या घरी त्यांनी नव्या सुनेला सहज विचारलं, "रश्मी, रमलीस ना गं इथे?"

रश्मीने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "सगळं ठीक आहे, आई."

दारात ताईंचा मुलगा गणेश उभा होता, हातात चहाचे कप घेऊन.