साहेबांची चुटकी

साहेब चुटकी वाजवायचे. एकदाच, पण अशी की कारखान्यातले रंगाचे मिक्सर चालू असतानाही पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जावी. चहा हवा, चुटकी. फाइल हवी, चुटकी. प्यून अब्दुलचाचा उठायचे, टायपिस्ट उठायचा, मी उठायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, तर तो आवाज तुम्हाला अजून आठवत असेल. मला आठवतो. विसरण्याइतकी उदार मी नाही.

चुटकीमागून त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "शिक्षण मुरावं लागतं, बाई. तीन पिढ्या लागतात."

माझ्या पिढ्यांचं सांगायचं तर आमचं घर सावंतवाडीजवळ. वडील मी लहान असतानाच गेले. आई काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. भाजलेल्या काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागलं की कातडी जळते, मग काळी पडते. राख फासून बायका बसायच्या, तरी जळायची. लग्नाकार्यात आई दोन्ही हात पदराखाली धरून उभी राहायची. मी बीएस्सी झाले, केमिस्ट्री घेऊन, आमच्या घरातली पहिली. डिग्रीचा कागद आईपुढे धरला तर तिने हात मागे घेतले. "तूच धर गो. डाग पडतलो."

लग्न करून मस्कतला आले तो काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. नवरा रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होता. आम्ही राहायचो माबेलाला, तेव्हा तिथे घरं थोडी आणि वाळू जास्त. रुसैललाच एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये जागा निघाली. मुलाखत साहेबांनी घेतली.

"वडील?"

"वारले."

"आई?"

"काजू सोलते."

"हं. म्हणजे घरात तुम्हीच पहिल्या." कागद बाजूला सरकवत ते म्हणाले, "बघू. मुरायला वेळ लागेल."

साहेब पुण्याचे. वडील हेडमास्तर, आजोबा वकील. बायको मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात, हे इथे एकटे. डब्यात रोज वरण-भात आणि त्यावर तूप, पुण्याहून आलेलं, घरी कढवलेलं. रंगाच्या वासात बसून ते तुपाचा वास घ्यायचे, डोळे मिटून. माणूस कामात चोख होता, हेही सांगते. रंगाच्या एकाही डब्यातली चुकीची शेड त्यांच्या नजरेतून सुटली नाही. पण लॅब इनचार्जची जागा मोकळी झाली, तेव्हा सगळं काम मी करत असताना ती दिली एका नव्या पोराला. त्याचे आजोबा प्रोफेसर होते.

मी विचारायला गेले. साहेब हसले. "राग नको. तुमचं चांगलं आहे, पण अजून कच्चं आहे. तीन पिढ्या..."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "या माणसाचा मी सूड घेणार."

"कसा?"

"ते ठरायचंय."

ते ठरवलं एका कुत्र्याने. आमच्याकडे मशीन बसवायला एक स्वीडिश इंजिनियर आला होता. परत जाताना तो आपला कुत्रा साहेबांना देऊन गेला. स्वीडनकडे गुरं राखायला ठेवतात त्या जातीचा. लांडग्यासारखं तोंड, लांडग्यासारखाच करडा रंग, कान ताठ, आणि पाय मात्र कुणी अर्धे कापून घेतल्यासारखे आखूड. शेपूट म्हणजे नुसती बोटभर गाठ. समोरून बघितलं तर भीती वाटावी, बाजूने बघितलं तर हसू यावं. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं पंत.

पंतांबरोबर वंशावळीचा कागद होता. साहेबांनी तो ऑफिसात वाचून दाखवला. "बघा, पणजोबांपर्यंत नावं आहेत. याला म्हणतात घराणं."

मी म्हटलं, "साहेब, माझ्या पणजोबांचं नाव मला माहीत नाही. पण मला केमिस्ट्री येते."

टायपिस्ट मान खाली घालून टाइप करत राहिला. मशीनमध्ये कागद नव्हता.

कुत्र्याबरोबर त्या जातीची माहिती देणारं एक इंग्रजी पुस्तकही होतं. ते साहेबांनी उघडलंच नाही. "कुत्र्याला काय वाचायचंय? घरातल्यासारखं ठेवायचं." पुस्तक मी नेलं आणि वाचून काढलं. हा कामाचा कुत्रा. गुरांच्या मागे राहून टाचांना चावे घेत त्यांना हाकायचं, लाथ आली की खाली दबायचं, म्हणून पाय आखूड. काम दिलं नाही तर स्वतःच शोधतो. साहेब त्याला रोज कारखान्यात आणायचे, आणि पंतांनी काम शोधलंच. संध्याकाळी कामगारांची बस लागली की हे गेटवर हजर. जो रेंगाळेल त्याच्या टाचेला तोंड लावायचे, रक्त येणार नाही इतकंच. शेवटचा माणूस चढेपर्यंत भुंकणं थांबायचं नाही. कामगारांनी त्याचं नाव पाडलं अर्बाब, म्हणजे मालक. अब्दुलचाचा श्रीवर्धनकडचे, त्यांची जीभ फार गोड. साहेबांच्या केबिनकडे बघून ते म्हणायचे, "आपल्याकडं दोन अर्बाब झाले बाई. ह्यो चावतो, पन चुटकी वाजवत न्हाय."

साहेबांचं त्या कुत्र्यावर प्रेम होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रेम म्हणजे काय, तर तूप-भात. सकाळी तूप-भात, रात्री तूप-भात, सणाला शिरा. वर्षभरात पंत सतरंजीच्या वळकटीसारखे दिसायला लागले. मी सांगितलं, "साहेब, याची पाठ लांब आहे. वजन वाढलं की मणक्यावर येतं. तूप बंद करा."

"अहो, घरचं तूप आहे!"

मे महिन्यात त्यांनी दुसरं केलं. उकडतं म्हणून न्हावी बोलावून कुत्र्याची हजामत करवली. आपल्याकडे पोराचं जावळ काढतात तसं, बिनदिक्कत. मी म्हटलं, "त्याला केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊनही अडवतो. विंचरून आतले गळलेले केस काढायचे, कापायचे नाहीत. आता कातडी भाजेल."

त्यांनी चुटकी वाजवली. मला नाही, अब्दुलचाचांना, चहासाठी. म्हणजे माझं बोलणं संपलं.

कातडी भाजली. आणि तेव्हाच साहेबांची पुण्याची महिन्याची रजा आली. कुत्रा ठेवायला कुणी तयार होईना. शेवटी माझ्यासमोर आले. "तुम्ही ठेवा. तुम्ही ते पुस्तक वाचलंय ना." ती विनंती नव्हती, हुकूम होता. मी लगेच हो म्हटलं, कारण त्या क्षणी मला सूड सापडला होता. हा कुत्रा साहेबांच्या चुटकीला उठतो ना? परत देईन तेव्हा उठणार नाही.

नवरा म्हणाला, "अगं, मुक्या जिवावर कसला सूड काढतेस?"

"त्याच्यावर नाही. त्याच्याकरवी."

महिनाभर मी राबले. तूप बंद. उकडलेली कोंबडी, भोपळा, मोजून. रस्त्यावर तळहात टेकवून बघायचे, चटका लागला नाही तरच बाहेर. म्हणजे उजाडायच्या आत. भाजलेल्या जागी मलम, केस थोडे आले की हलक्या हाताने ब्रश. जिना चढू दिला नाही, उचलून नेला. शेजारच्या मोकळ्या जागेत कुणाच्या शेळ्या सुटायच्या, त्या गोळा करायचं काम त्याला दिलं. पहिल्या दिवशी शेळ्यांनी हसून घेतलं असेल. आठवड्याने त्या रांगेत चालत होत्या. आणि हाक ठेवली माझ्या आईची. आमच्याकडे एक वासरू होतं, त्याला ती संध्याकाळी बोलवायची, "ये रे झिला, ये." झील म्हणजे मुलगा. या हाकेवर कोंबडीचा तुकडा मिळायचा. चुटकी वाजली की काहीच नाही. नवऱ्याला रोज समोर बसवून मी चुटक्या वाजवायला लावायचे. त्याची बोटं दुखायला लागली.

साहेब परतले ते विमानतळावरून थेट माबेलाला आले. गेटबाहेर गाडी. उतरले, हसले, चुटकी वाजवली.

पंत माझ्या पायाशी बसले होते. त्यांनी साहेबांकडे बघितलं. शेपटाची गाठ हलली, ओळख होतीच. पण उठले नाहीत.

साहेबांनी पुन्हा वाजवली. मग तिसऱ्यांदा, गुडघ्यावर वाकून. चौथी नीट वाजलीच नाही, घामाने बोटं घसरली. मला वाईट वाटलं असं तुम्हाला ऐकायचं असेल, तर नाही वाटलं. मी तो क्षण चवीने खाल्ला.

"ये रे झिला," मी म्हटलं आणि गाडीपर्यंत चालत गेले. पंत मागून आले.

"घेऊन जा साहेब. पण आता तो चुटकीला येणार नाही." मग मनात नसलेलंही तोंडातून निघून गेलं. "आणि मीही येणार नाही."

घरात येऊन नवरा म्हणाला, "झालं. सामान बांधू का?" माझा व्हिसा कंपनीचा होता, नोकरी गेली की परत. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात चुटकी वाजली. मी मान वर केली नाही. पुन्हा वाजली. मी ढवळत होते ते ढवळत राहिले. साहेब गेले. मला वाटलं, आता चाचा काढून टाकल्याचं पाकीट आणतील. चाचा चहा घेऊन आले. "पी बाई. अजून तरी हैस."

मग पावसाळ्यातल्या भिंतीसारखे आम्ही दोघंही फुगून बसलो. ते बोलत नव्हते, मी बोलत नव्हते. दोघांना लागणारे निरोप चाचा नेत होते, त्यात स्वतःचं मीठ घालून.

असे काही महिने गेले. एका सकाळी लॅबचं दार पायाने ढकललं गेलं. साहेब होते. दोन्ही हातांवर पंत, लांबच्या लांब, मागचे पाय लोंबत. शर्टावर कुत्र्याचे केस, दाढी केलेली नाही. चुटकी वाजवायला एकही बोट मोकळं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले. "जरा येता का?"

पहिल्यांदा. मी या दिवसाची वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा कुत्र्याचे डोळे इतके घाबरलेले होते की मला नीट जिंकताही येईना. टेबलावर पोतं अंथरलं, त्याला ठेवला. पाठीवर हात फिरवला तशी कातडी थरथरली.

"तूप?"

साहेब शर्टावरचे केस झटकायला लागले.

"साहेब, तूप दिलंत?"

"थोडंसं. अहो, नुसता भात कसा खाईल तो? माझ्याकडे बघत बसतो. घरात दुसरं कोण आहे बघायला?"

"तुमच्या तीन पिढ्यांना ते पचतं. याच्या पाठीला पचत नाही."

त्यांनी ऐकून घेतलं. नवऱ्याच्या पिकअपमध्ये आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. साहेब मागे उघड्यावर बसले, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. रुसैलचे लोक बघत होते. डॉक्टर म्हणाला, मणका दबलाय, पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती, जिना नाही, उड्या नाहीत, वजन उतरवा. म्हणजे मी जे सांगितलं होतं तेच, फक्त फी घेऊन.

पंत पुन्हा माझ्याकडे राहिले. साहेब रोज संध्याकाळी माबेलाला यायचे. पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसायचे, ब्रश करायचे, मी दाखवेन तसा. "आतून बाहेर. ओढू नका." "बरं." एकदा म्हणाले, "तुमच्या आईंना हे कुत्र्यांचं येतं का?" मी म्हटलं, "तिला वासराचं येतं. बाकी सारखंच." त्यांनी मान हलवली. मी बढतीचा विषय काढला नाही. कुत्र्याच्या पाठीवर बसून मला वर चढायचं नव्हतं.

पंत चालायला लागले, थोडे तिरके. त्याच सुमारास तो प्रोफेसरांचा नातू दुबईला निघून गेला. एके दिवशी चाचांनी पाकीट आणून टेबलावर टाकलं. इनचार्जची ऑर्डर. साहेब स्वतः आले नाहीत. त्यांनी ते तीन पिढ्यांचं वाक्य कधी परत घेतलं नाही. मला ते हवं होतं, सगळ्यांसमोर हवं होतं, आणि मी वर्षानुवर्षं वाट बघितली. चुटकी तेवढी बंद झाली. बोटं वर जायची, अर्ध्यावर थांबायची, मग ते चष्मा नीट करायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी मालकांनी साहेबांना निवृत्त केलं. पंतही म्हातारे झाले होते. साहेबांनी सगळं सामान वाटून टाकलं आणि कुत्रा मात्र बरोबर न्यायचं ठरवलं. विमानतळावर सामानाच्या विभागात मी आणि चाचा गेलो होतो. पिंजरा जमिनीवर, दार उघडं. पंत आत जाईनात. भोवती ढकलगाड्यांचा गोंधळ, ते चारी पाय रोवून उभे. तिथला माणूस घाई करत होता, "यल्ला, यल्ला."

साहेबांची बोटं वर गेली. थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मला हाक मारायला सांगतील. मी सांगण्याची वाट बघत उभी राहिले, मुद्दाम.

मग ते पिंजऱ्याच्या पलीकडे गेले, गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "ये रे झिला, ये."

सूर चुकला होता, उच्चार सदाशिव पेठेतला होता. पण ती हाक माझ्या आईची होती. हेडमास्तरांच्या मुलाच्या, वकिलांच्या नातवाच्या तोंडातून ती भर गर्दीत निघाली. पंतांनी कान टवकारले आणि तिरके चालत आत गेले.

साहेबांचं पुण्याहून एक पत्र आलं, पंत तूप मागतात पण दिलं जात नाही, एवढंच. नंतर काही नाही.

त्या लॅबची इनचार्ज मी निवृत्त होईपर्यंत राहिले. आणि माझी ऑर्डर आली त्याच वर्षी आईने काजू सोलणं बंद केलं.