आधी तुम्ही खा

"मॅडम, आधी तुम्ही खा."

नितीनने स्टीलचा डबा माझ्या टेबलावर सरकवला. आत कढी-भात होता, आणि वास असा की मला भूक लागली. मी रामदासपेठेतल्या एका मानसोपचार क्लिनिकमध्ये सोशल वर्कर आहे. औषधांचं डॉक्टर बघतात. घरात त्यावरून जी भांडणं होतात ती माझ्याकडे येतात.

नितीनला स्किझोफ्रेनिया आहे. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर टपलंय असं पक्कं वाटतं. प्रताप नगरात तो आई आणि मोठा भाऊ प्रशांत यांच्याबरोबर राहतो; आज दोघंही त्याच्या शेजारी बसले होते. शेजाऱ्याने आपल्यावर कॅमेरा लावलाय असं तो म्हणायचा, आणि आईच्या जेवणात विष आहे म्हणून त्याने घरचं जेवण सोडलं होतं. बंद पुड्यातली बिस्किटं तेवढी खायचा. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. जेवत नसेल तर भरती करू, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मागच्या भरतीच्या वेळी त्याला धरून-बांधून न्यावं लागलं होतं, त्यामुळे तो शब्द काढला की आईंचे डोळे भरायचे.

मी म्हटलं, एक घास खाऊन काम होत असेल तर बरंच आहे. चमचा उचलला, तोच आईंनी डबा खसकन ओढला. कढी माझ्या फाइलवर सांडली.

"पाहिलं?" नितीन म्हणाला. "आता सांगा, येडा कोन हाय?"

आईंना आणि प्रशांतला मी बाहेर नेलं.

"कढीत काय आहे?"

"विष नाही जी!" आई रडायलाच लागल्या. "त्याचीच गोळी हाय. हातात देली का थुकून टाकते तो. मंग कुटून कढीत टाकली. आंबटात चव समजत नाही."

"मलेच सुचलं ते," प्रशांत खाली बघत म्हणाला. "सुरुवातीले बरं चाललं. मंग एक दिवस वाटीच्या बुडाशी त्याले पांढरं दिसलं."

मला राग आला, आणि त्या दोघांची दयाही आली. वेळेवर औषध पोटात जावं म्हणूनच केलं होतं सगळं. पण त्याच्या संशयाला घरातूनच पुरावा मिळत होता.

"आपण त्याला खरं सांगू," मी डॉक्टरांकडे जाऊन म्हटलं.

"औषध बंद करेल तो."

"सर, जेवण तर बंद केलंच आहे."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "ठीक आहे. पण आई सांगतील, तुम्ही नाही."

खोलीत परत येऊन आईंनी नितीनला सांगितलं. "बाबू, तुयी गोळीच होती गा. विष नव्हतं. पन लपवून देल्ली, हे चुकलं माह्यं."

आता टेबल उलटतं की काय म्हणून मी दाराशी उभी होते. नितीन माझ्याकडे वळला.

"म्हंजे मले वाटून राहिलं होतं ते खरं होतं?"

"डब्याचं खरं होतं," मी म्हटलं. "शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल आपण वेगळं बोलू."

तो चक्क हसला.

मग डॉक्टरांनी त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक तर गोळी उघडपणे, स्वतःच्या हाताने घ्यायची. नाहीतर डेपो इंजेक्शन. ते एकदा दिलं की औषध काही आठवडे हळूहळू शरीरात उतरत राहतं, घरी रोज गोळीची कटकट नाही.

"सीलबंद येते काय?" नितीनने विचारलं.

"येतं."

"माह्यासमोर फोडसान?"

"तुझ्यासमोरच."

त्याने एक्सपायरी डेट स्वतः वाचली आणि बाही वर केली. डॉक्टरांनी भरतीचं दोन दिवस पुढे ढकललं.

दुसऱ्याच दिवशी प्रशांतचा फोन आला. नितीन ओट्याजवळ उभा राहून आईचा हात बघत होता, आणि मग दोनदा भात मागून जेवला. मी फोन ठेवला आणि कधी नव्हे ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये न विचारता घुसले. भरतीचा कागद त्यांनी फाडून टाकला.

पुढच्या इंजेक्शनला तिघेही आले. नितीनने डबा उघडला, आधी स्वतः खाल्लं, मग माझ्याकडे सरकवला. या वेळी आई हसत बसून राहिल्या. कढी जरा खारट होती.

संशय हा आजाराचा भाग असतो, असं आम्हाला शिकवतात. ते बरोबरच आहे. तरी डब्यात काय आहे, ते आधी विचारून घ्यावं.