उजव्या हाताचं वल्हं

अर्धांगाच्या झटक्यातून बाबांचे पाय सावरले, पण उजव्या हाताची मूठ काही वळेना. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा ते आमच्याकडे इस्रायलमधल्या रामल्यात राहत. दवाखान्यातल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी सोफ्याखाली ढकलून दिला. तेवढ्यावर भागलं असतं, पण शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शब्बाथच्या, विश्रांतीच्या दिवसाच्या आशीर्वादाचा, प्याला उजव्या हातात धरायचा असतो. आमच्या घरात तो कायम बाबांनीच धरला होता. आता ते प्याला माझ्या नवऱ्याकडे सरकवत आणि भिंतीकडे बघत बसत. मला रडू यायचं, आणि रडू आलं की माझा आवाज चढतो. त्या दिवसांत घरात भांडणंच फार झाली.

तरुणपणी बाबा कोकणात खाडीवर होडी वल्हवायचे. समोर बघत वल्हं पुढे रेटायचं, ही त्यांच्या खाडीची रीत. इथे आल्यावर तीस वर्षं गिरणीत गेली. एका शुक्रवारी सकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच आगगाडीत बसवलं आणि तेल अवीवला यार्कोन नदीवर नेलं. तिथे होड्या भाड्याने मिळतात.

बाबा होडीत चढले आणि पुढे तोंड करून बसले. होडीवाला त्यांना आजोबा म्हणत हिब्रूत ओरडला, "सबा, उलटे बसलात! पाठ पुढे करा!"

"जायचंय तिकडं पाठ करून बसायला मी काय खुळा हाय?" बाबा मराठीत पुटपुटले, पण वळून बसले.

वल्हं ओढायला मूठ लागते. दोन हात मारले की उजवी बोटं सुटायची आणि होडी जागच्या जागी गोल फिरायची. शेजारून जाणारं एक जोडपं हसलं. माझं डोकं फिरलं.

"द्या इकडे, मी वल्हवते."

"गप बस गो. होडी त्या गवतात घाल नि धरून ठेव."

मी काठचं उंच गवत घट्ट धरलं. बाबा बसल्या बसल्या सरकत उलटे झाले, त्यांच्या हिशेबाने सुलटे. उजवा तळवा दांड्यावर नुसता टेकवला आणि छातीपासून पुढे रेटला. रेटायला मूठ लागत नाही! वल्हं पाण्यात चाललं. पण डावा हात जोर करायचा आणि होडी पुन्हा वाकडी जायची. मग त्यांनी डावा मुद्दाम धीमा केला.

"जोडीदार कच्चा असला तर पक्क्यानं थांबायचं," ते पुढे बघतच म्हणाले. "नायतर दोघं बी फिरत बसतात."

होडी सरळ निघाली. मी मागे बसून त्यांची घामेजलेली मान बघत होते आणि मला फार आनंद झाला होता. परतल्यावर बाबांना पुन्हा उलटं बसलेलं बघून होडीवाल्याने कपाळावर हात मारला. "फर्स्ट क्लास होडी हाय," बाबा त्याला मराठीतच म्हणाले.

संध्याकाळी मनुकांच्या रसाचा प्याला मी सवयीने नवऱ्यापुढे ठेवला.

"इकडं आण," बाबा म्हणाले आणि उजवा तळवा उघडा पुढे केला. मी प्याला त्यावर ठेवला. तो थरथरला. नवऱ्याचा हात मदतीला पुढे झाला, तशी बाबांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांचा डावा हात प्याल्याच्या खाली, जरा अंतर ठेवून, थांबला होता. रस मनगटावरून ओघळला, पण आशीर्वाद त्यांनी शेवटपर्यंत म्हटला. आमेन म्हणताना माझा आवाज चढला.