आईने धरलेलं वचन

आम्ही ख्रिस्ती माणसं बायबलमधल्या ओळीला वचन म्हणतो, आणि कुणी दिलेल्या शब्दालाही वचनच म्हणतो. यातला फरक मला कळतो. ओतूरच्या कॉलेजातून पदवी घेतलेली आमच्या घरातली पहिली मीच. आईने मात्र तो फरक कधी मानला नाही.

ती शाळेत गेलेली नाही. पिंपळवंडीत दुसऱ्यांच्या शेतात कांदा काढून तिने मला शिकवलं. संध्याकाळी ती भाकरी करताना मी तिला एक वचन वाचून दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी असंच एक आलं. ज्याला बुद्धी कमी पडते त्याने देवाकडे मागावी, तो दोष न लावता देतो, असा त्याचा अर्थ.

"दोष न लावता म्हंजी?"

"म्हणजे इतके दिवस कुठं होतीस, असं न विचारता."

तिचा हात परातीतच थांबला. "मंग मी वाचायची बुद्धी मागते."

"आई, ते शहाणपणाबद्दल आहे. बाराखडीबद्दल नाही."

"वचन समद्यांना दिलंय ना?"

"हो."

"मंग झालं तर."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर ती पाळकसाहेबांना म्हणाली, "नाताळाच्या आदल्या रविवारी शास्त्रपाठ मी वाचणार. नाव लिवून ठेवा." तेव्हा तिला 'क'सुद्धा ओळखता येत नव्हता.

शेजारच्या बाई हसल्या. "आधी शिका तरी, मग नाव द्या."

"देणारा हो म्हणलाय. मी कशाला थांबू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी प्रार्थना करायचे ती "प्रभू, जमलं तर" अशी. आई पहाटे वही उघडायची, डोळे मिटून म्हणायची, "तू म्हणला व्हतास, आता दे," आणि लगेच मी काढून दिलेली अक्षरं गिरवायला लागायची. दिवाळीपर्यंत ती खताच्या गोण्या आणि एसटीच्या पाट्या मोठ्याने वाचत होती, बाजारातसुद्धा.

तिला ते बुद्धीचं वचन एव्हाना तोंडपाठ होतं. तेच वाच असं मी म्हटलं, तर म्हणाली, "लोक म्हणतील घोकलंय." तिने पाळकसाहेबांकडून कधी न ऐकलेलं एक स्तोत्र मागून घेतलं.

त्या रविवारी ती उभी राहिली, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचू लागली. पहिल्याच ओळीत 'सामर्थ्य' शब्द आला. "साम" म्हणाली आणि अडकली. मी पुढच्याच बाकावर होते, शब्द माझ्या ओठांवर आला. तिने पुस्तकावरची नजर न काढता हात वर केला.

"सांगू नको. येतंय."

तिने त्या शब्दाचे तुकडे केले, एकेक पुटपुटून पाहिला, मग जोडून मोठ्याने म्हटला. तिथून ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, सावकाश, काहीही न गाळता.

बाकावर येऊन बसली तेव्हा मी तिचा हात धरला. तो घामाने ओलाचिंब होता. इतके महिने मी समजत होते की तिला भीतीच वाटत नाही.