डेल्फीनची ठणठणीत बदकं

डेल्फीन वेलेट कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. आमच्या नदीकाठच्या गावात कोंबड्या बऱ्याच घरी, पण कोंबड्या आणि बदकं एकाच खुराड्यात कोंडणारी ती एकटीच. मी तिची शेजारीण. कुंपणावरून तिला कितीदा सांगितलं असेल, "अगं, बदकं पाण्यात चोची बुचकळून चिखल करतात, तेच पाणी तुझ्या कोंबड्या पितात. वेगळी ठेव की!"

"तुझा नवरा मिशा बुडवून पितो त्या कपातून तूही पितेसच ना? मेलीस का?"

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

बदकांची अंडी ती खुडूक कोंबडीखाली ठेवायची. पिल्लं कोंबडीच वाढवायची. वसंतात बर्फ वितळून बटाट्याच्या शेतात तळं साचलं की पिल्लं पाण्यात आणि आई काठावर थयथयाट करतेय, असा तमाशा व्हायचा. डेल्फीन पायरीवर बसून पोट धरून हसायची. नवरा गेल्यापासून तिचं तेवढंच हसणं उरलं होतं.

त्या वर्षी तळ्यावर रानबदकांचा मुक्काम लांबला. हिची बदकं दिवसभर त्यांच्यात, संध्याकाळी खुराड्यात. मग एका सकाळी बसायच्या दांडीखाली कोंबड्या मरून पडलेल्या दिसल्या, तुरे काळेनिळे पडलेले. दुसऱ्या दिवशी आणखी मेल्या. बदकं मात्र ठणठणीत, खातायत, पितायत, कलकलाट करतायत.

"जनावरांच्या डॉक्टरला बोलव," मी म्हटलं.

"म्हणजे ते येऊन सगळंच मारतील. जे जगलंय ते तरी जगू दे."

तिने बदकांचे पाय साबणाने धुतले, त्यांना बटाट्याच्या टोपल्यांत घातलं आणि रस्त्यापलीकडे धाकट्या भावाकडे नेलं. आल्सीद एकटा राहायचा. बायको इरेन गेली, तिच्या कोंबड्या मागे राहिल्या, आणि हा गडी त्यांच्याशीच बोलायचा. रोज सकाळी कुट्टूच्या पिठाच्या धिरड्याचा तुकडा मोडून खिशात टाकायचा. तो तुकडा इरेनच्या लाडक्या लाल कोंबडीचा.

"ठेव गं बिनघोर," आल्सीद म्हणाला. "इरेनच्या पोरींना सोबत होईल."

"माझ्या खुराड्याकडे फिरकू नकोस हं, गाढवा. तिकडचा आजार इकडे आणशील आणि माझी बदकं घालवशील."

तो खरंच फिरकला नाही. डेल्फीनच्या उरलेल्या कोंबड्या मेल्या, तिने त्या पुरल्या, आणि बदकं वाचली म्हणून आठवडाभर समाधानात राहिली.

मग आल्सीद धावत आला. मी तिच्याच अंगणात होते. "डेल्फीन, लाल कोंबडी धिरडं खाईना गं. मान टाकलीय."

या वेळी डॉक्टरला मी बोलावलं. पांढरा झगा चढवलेली तरुण पोरगी आली. तिने सगळं विचारलं आणि डेल्फीनने सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही.

"पण बाई, बदकांना काही झालेलंच नाही! बघा ना!"

"तेच तर, आजी," पोरगी हळू म्हणाली. "रानबदकांचा ताप आहे हा. तुमच्या बदकांच्या अंगात असतो, पण दिसत नाही. कोंबड्या मात्र मरतात."

डेल्फीनने भावाकडे पाहिलं. आल्सीद बुटांकडे बघत होता.

आल्सीदच्या अंगणातलं सगळं मारायचं ठरलं, उरलेल्या कोंबड्या आणि बदकंही. बदकं परक्या हाताला येईनात, तेव्हा डेल्फीन म्हणाली, "सरका. मी बोलावते." तिने नेहमीसारखी हाक घातली. बदकं नेहमीसारखीच रांगेने डुलत आली आणि तिच्या पायाशी थांबली. एकेक उचलून तिने त्या पोरीच्या हातात दिलं. मला ते बघवेना, पण तिला एकटीला सोडून जाववेना.

पुढे कित्येक दिवस ती भावाकडे गेली नाही. शेवटी मीच तिला हाताला धरून नेलं. आल्सीदने धिरडी केली, लोणी पुढे ठेवलं.

"शेवटपर्यंत ठणठणीत होती गं तुझी बदकं," तो म्हणाला.

"मला शिव्या दे, आल्सीद. इरेनच्या कोंबड्या मी मारल्या."

"खा, गार होतंय."

त्याने धिरड्याचा तुकडा मोडला आणि बोलता बोलता खिशात टाकला. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. डेल्फीनच्या आलं. तिने ताट बाजूला सारलं आणि कोट न घेताच बाहेर पडली.